सामूहिक परसबाग आणि शहराचा अन्नकारभार : बेळगाव–निपाणी भागापुरती माहिती

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी बरेच जण निवृत्तीनंतर गच्चीवर चार कुंड्या ठेवतात. कढीपत्ता, तुळस, एखादी मिरची, फार तर टोमॅटोचे दोन वेल. काही वसाहतींत याच्याही पुढे जाऊन मोकळ्या भूखंडावर मिळून भाजी लावण्याचा विचार सुरू असतो. त्याबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते : जागा कुणाची घ्यायची, परवानगी कुठे मागायची, भाजी कशी वाटून घ्यायची, आणि एवढे करून उपयोग काय? या प्रश्नांची उत्तरे एका जागी मिळावीत म्हणून हा लेख. आम्ही शेतीतज्ज्ञ नाही. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. त्यामुळे लागवडीइतकीच हिशेबाची आणि कागदपत्रांची बाजूही येथे दिली आहे.

सामूहिक परसबाग म्हणजे काय

परसबाग हा शब्द आपल्याला नवा नाही. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांमागे परडे असायचेच. न्हाणीघराचे पाणी अळूला आणि केळीला जायचे, कुंपणावर घेवड्याचा वेल असायचा, कोपऱ्यात शेवगा. ही एका घराची बाग. सामूहिक परसबाग म्हणजे अनेक घरांनी मिळून एका जागेवर पिकवलेली भाजी.

तिचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात जागा एक, पण प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र वाफा असतो. दुसऱ्यात सगळे वाफे सामाईक असतात आणि निघालेला माल वाटून घेतात. तिसऱ्यात बाग एखाद्या संस्थेची, म्हणजे शाळा, मंदिर, वसतिगृह किंवा वृद्धाश्रम यांची असते, आजूबाजूचे लोक श्रमदान करतात आणि भाजी संस्थेच्या स्वयंपाकघरात जाते.

शोभेच्या बागेहून ती वेगळी. शोभेच्या बागेला माळी नेमला की काम भागते. भाजीच्या बागेत मात्र पाणी, खत, बी, राखण आणि वाटणी यांचे निर्णय रोज घ्यावे लागतात, आणि ते चारचौघांत बसून घ्यावे लागतात.

आपल्या भागाचे अन्नचित्र

बेळगाव शहर आजवर आपल्या शिवारावर जगत आले आहे. पश्चिमेला तांबडी माती आणि सह्याद्रीचा पाऊस, पूर्वेकडे काळी जमीन. बेळगुंदी, उचगाव भागातल्या तांबड्या रानात रताळी आणि बटाटे, कडोली आणि बसवन कुडचीच्या बाजूला भाजीपाला, आणि शहराला लागून शहापूर, वडगाव, माजगाव, अनगोळ, येळ्ळूर, हलगा या पट्ट्यात भात. याच पट्ट्यातला बेळगाव बासमती एके काळी नावाजलेला होता. आज तो मागूनही सहज मिळत नाही.

गावातल्या नावांतूनही जुन्या खुणा दिसतात. मध्यवस्तीत माळी गल्ली आहे. शहापूर हा भाग १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होता आणि त्याला लागून आज विणकरांची दाट वस्ती असलेले खासबाग आहे. गणपत गल्लीत आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका मेथी-शेपूच्या पेंड्या आणि कोथिंबिरीची बुट्टी घेऊन बसतात. त्यांतल्या कित्येकींचा मळा शहरापासून हाकेच्या अंतरावर असतो.

बेळगावची भाजी फक्त बेळगाव खात नाही. चोर्ला आणि अनमोड घाटांतून ती रोज गोव्याला जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून सीमा बंद झाल्या तेव्हा गोव्यात भाजीची टंचाई झाली आणि आपल्याकडे मळ्यात माल पडून राहिला. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या महापुरांत निपाणीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि कोल्हापूरकडची वाहतूक थांबली. एरवी बाजारात सगळे मिळते. रस्ता बंद झाला की अन्न कुठून येते हे समजते.

निपाणीची गोष्ट थोडी निराळी. तिथली काळी कसदार जमीन अनेक पिढ्या तंबाखूखाली राहिली. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ती आठवण निपाणीत अजून ताजी आहे. भाव मागणारा शेतकरी आणि वखारीत जर्दा चाळणारी किंवा घरी विड्या वळणारी बाई, दोघांनाही घरची भाजी विकतच घ्यावी लागे. पैशाचे पीक आणि ताटातले पीक यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न निपाणीने फार आधी अनुभवला.

फाईलमधला सर्व्हे नंबर

बँकेतला एक अनुभव इथे सांगणे भाग आहे. शहरालगतच्या शाखांत काम करताना आम्ही पीककर्जाच्या फाईली पाहत होतो. त्यात जमिनीचा उतारा, सर्व्हे नंबर, पीक : भात, दुसरे पीक : मसूर किंवा हरभरा. काही वर्षांनी बदली होऊन त्याच भागात परतलो तर तोच सर्व्हे नंबर गृहकर्जाच्या फाईलमध्ये भेटायचा. आता त्याला पोटहिस्से पडलेले, एन.ए.चा आदेश जोडलेला, आणि पिकाच्या जागी ‘तीस बाय चाळीस’चा प्लॉट. दोन्ही कर्जे नियमात बसणारी होती. दोन्हींवर आमचीच सही. आमच्यातले काही जण आज अशाच प्लॉटवर बांधलेल्या घरात राहतात, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देण्याची सोय नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा आमच्या लक्षात आली नव्हती. गृहकर्ज फिटते, घर मुलांच्या नावावर होते. पण त्या सर्व्हे नंबरचा भात परत येत नाही. शहराच्या ताळेबंदात ही रक्कम कुठल्याच बाजूला लिहिली जात नाही. हलगा–मच्छे बायपास आणि नियोजित रिंग रोड यांच्या भूसंपादनाला शेतकऱ्यांनी रस्त्यावर आणि न्यायालयात विरोध केला, तेव्हा शहरातल्या अनेकांना तो फक्त मोबदल्याचा वाद वाटला. वास्तविक आपल्या सगळ्यांच्या भाताचा आणि भाजीचाही विषय त्यात होता.

इतरत्र काय झाले

सामूहिक बाग ही हौशी मंडळींची नवी कल्पना नाही. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने नगरपालिकांवर लोकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी टाकली. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली की स्थानिक संस्थेला तिचा विचार करावाच लागतो. तिथला ठरलेला तुकडा आपल्या मापाने अडीच गुंठ्यांचा. दुसऱ्या महायुद्धात उद्याने आणि क्रीडांगणेही खणून तिथे बटाटे लावले गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबात इंधन आणि खत मिळेनासे झाले, तेव्हा हवाना शहरात रिकाम्या जागांवर वाफे घालून भाजी पिकवण्यात आली.

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते या शहराने १९९३ साली महापालिकेत अन्नपुरवठ्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीच्या जागा, स्वस्त दरातली जेवणघरे, शाळांचे जेवण आणि बागा हे सगळे एका छताखाली आणले. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात जगभरच्या शंभरहून अधिक शहरांनी अन्नधोरणाच्या करारावर सह्या केल्या. रस्ते आणि पाणी यांच्याप्रमाणेच अन्न हाही शहराच्या कारभाराचा विषय आहे, हे त्या कराराचे सार.

आपल्या देशात १९४३ च्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री एक जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते सोमवार पाळले होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तिथल्याच ओल्या कचऱ्यापासून माती तयार करून फळझाडे आणि भाज्या वाढवल्या.

पण आपल्याला सर्वांत जवळचे नाव श्री. अ. दाभोलकरांचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेल्या आणि पुढे कोल्हापुरात राहिलेल्या या गणिताच्या शिक्षकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते असे त्यांनी मांडले. त्यासाठी सूर्यप्रकाश, पाने, मुळे, पाणी या सगळ्यांचे मोजमाप शेतकऱ्याने स्वतः करावे, वहीत लिहावे आणि एकमेकांना कळवावे असा त्यांचा आग्रह होता. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी या पद्धतीने मोठा पल्ला गाठला. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक मिळाल्यास जरूर वाचावे.

अन्नकारभार : कोणते खाते काय ठरवते

अन्नकारभार म्हणजे शहरात अन्न कुठे पिकेल, कुठून येईल, कुठे विकले जाईल, कुणाला परवडेल आणि उरलेल्याचे काय होईल हे ठरवण्याची व्यवस्था. आपल्याकडे ही व्यवस्था आहे, पण ती विखुरलेली आहे.

• जमीन कशासाठी वापरायची : नगरविकास प्राधिकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘बुडा’. शहराचा बृहत् आराखडा १९६१ च्या कर्नाटक नगररचना कायद्याखाली तयार होतो.
• शेतजमीन बिगरशेती करणे : महसूल खाते आणि जिल्हाधिकारी, १९६४ च्या जमीन महसूल कायद्याखाली.
• उद्याने व मोकळ्या जागा : महापालिका किंवा नगरपालिका. उद्यानासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामासाठी वापरू नये म्हणून १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे.
• घाऊक बाजार : कृषी उत्पन्न बाजार समिती.
• फेरीवाले व रस्त्यावरची विक्री : २०१४ च्या केंद्रीय कायद्याने नेमायची शहर विक्रेता समिती.
• रेशन : अन्न व नागरी पुरवठा खाते.
• शाळेतले जेवण : ‘अक्षर दासोह’ योजना.
• ओला कचरा : महापालिका. शहराचा कचरा तुरमुरीच्या प्रकल्पात जातो.

आता गंमत पाहा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत. पहिलाच विषय शेती. त्याच यादीत बाजार व जत्रा आहेत, सार्वजनिक वितरण व्यवस्थाही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आहेत. त्यात पूल, पथदिवे, उद्याने, कत्तलखाने, इतकेच काय गुरांचे कोंडवाडेही आहेत. शेती, बाजार आणि रेशन यांपैकी एकही नाही. म्हणजे गाव महापालिकेच्या हद्दीत आले की त्याचा अन्नाचा विषय यादीतून गळतो. त्या रानात पीक उभे असले तरी.

परिणाम काय होतो याचे ताजे उदाहरण आपल्यासमोर आहे. कॅम्प भागातला घाऊक भाजी बाजार २०१९ मध्ये बाजार समितीच्या आवारात गेला. २०२२ मध्ये शहरात खासगी घाऊक बाजार सुरू झाला आणि दोन बाजारांचा वाद पेटला. शेतकरी, व्यापारी आणि अधिकारी यांच्या बाजू आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. भाजी खाणाऱ्या शहराची बाजू मांडणारा कुणी आम्हाला त्यात दिसला नाही. तसे व्यासपीठच नाही.

एका गुंठ्याचा हिशेब

सामूहिक बागेने शहराचे पोट भरेल का? पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ढोबळमानाने ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. तीन फूट रुंद, तीस फूट लांब असे वाफे आणि मध्ये दीड फुटाच्या वाटा धरल्या तर सात वाफे बसतात. प्रत्यक्ष लागवडीची जागा ६३० चौरस फूट. काळजी घेतली तर वर्षाला चौरस फुटामागे अर्धा किलो भाजी निघेल असे समजू. एकूण ३१५ किलो.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५८४ किलो. म्हणजे एक गुंठा एका कुटुंबाची निम्म्याहून थोडी जास्त गरज भागवतो. बागेत वीस कुटुंबे असतील तर प्रत्येकाच्या गरजेच्या जेमतेम पावणेतीन टक्के वाट्याला येते.

आता शहर घेऊ. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार लोक होते. त्याच मापाने शहराला रोज सुमारे १९५ टन फळे-भाज्या लागतात. वसाहतीवसाहतींत बागा झाल्या तरी हा आकडा हलणार नाही. तो मळाच भागवणार.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. सामूहिक बाग ही शिवाराला पर्याय नाही. रान गेले तर गेले, आपण गच्चीवर पिकवू, असे कुणी म्हटले तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

मग बागेचा उपयोग काय? मेथीच्या वाफ्याला पाणी घालणाऱ्याला पेंडीची किंमत कळते. अवकाळी पावसाने कोथिंबीर झोपली की तो दुसऱ्या दिवशी गणपत गल्लीत दराची घासाघीस करत नाही. घरातला ओला कचरा तुरमुरीला जाण्याऐवजी खड्ड्यात जातो. आणि आठवड्यातून एकदा वीस घरे पाणी, जमीन आणि वाटणी या विषयांवर एकत्र बसतात. अन्नकारभाराची ही पहिली शाळा. पुढे आराखड्यावर हरकत नोंदवायची वेळ आली तर सही करणारे लोक याच शाळेतून तयार होतात.

जागा, पाणी, माती, खत

जागा. बाग सुरू करण्यासाठी चार प्रकारच्या जागा पाहाव्यात : सोसायटीची स्वतःची मोकळी जागा, शाळा किंवा मंदिराचे आवार, एखाद्या सभासदाचा बांधकाम न झालेला प्लॉट, आणि पालिकेचे उद्यान. आमचा सल्ला असा की पहिली दोन वर्षे पालिकेच्या जागेच्या मागे लागू नये. खासगी प्लॉट घेतल्यास मालकाशी साधा लेखी करार करावा. त्यात मुदत, पाण्याचे बिल कोण भरणार, आणि मालकाला जागा परत हवी झाल्यास उभे पीक काढायला किती दिवस मिळणार हे लिहावे. कर्नाटकात शेतजमीन कुळाने देण्यावर कायद्याची बंधने आहेत, त्यामुळे जागा शेतजमीन असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पैशाचा व्यवहार करू नये.

मराठी शाळांचा येथे विशेष उल्लेख करावासा वाटतो. अनेक शाळांची पटसंख्या घटली, पण आवारे आहेत. शाळांत पोषणबागा कराव्यात यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शाळेची परवानगी, पालकांचे श्रम आणि निवृत्तांचा वेळ जुळला तर मुलांच्या जेवणात ताजी भाजी जाईल. शाळेचा आणि गल्लीचा संबंधही पुन्हा जुळेल.

पाणी. राकसकोप आणि हिडकलचे पिण्याचे पाणी भाजीला घालणे योग्य नाही. निपाणीत जवाहर तलावाच्या पाण्यालाही हेच लागू. जुनी विहीर, छतावरचे पावसाचे पाणी, आणि भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी आधी वापरावे. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये, केळी-अळूला चालते. नाल्याचे सांडपाणी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्यांचे काय हाल होतात ते आपण पाहतोच.

माती. बांधकामाचा राडारोडा टाकलेल्या प्लॉटवर थेट लागवड करू नये. वर्दळीच्या रस्त्याकडेला पालेभाजी लावू नये. कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतून माती तपासून घ्यावी. शंका असल्यास विटांची कड करून वरून चांगली माती भरावी.

खत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन घातले आणि मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असे सांगितले. तीन खड्डे पुरतात. एक भरत असतो, एक कुजत असतो, एकातले खत काढले जाते. सुकी पाने जाळू नयेत. कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पानांचा थर दिला की वास येत नाही आणि शेजारी तक्रार करत नाहीत.

वर्षाचे वेळापत्रक

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झोडपतो, हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. त्यामुळे येथे गादीवाफेच हवेत, जमिनीपासून वीतभर उंच.

• मृगाच्या आधी : वाफे तयार करून शेणखत मिसळणे, मांडव घालणे.
• जून ते सप्टेंबर : दोडका, कारले, पडवळ, काकडी, भोपळा, भेंडी, अळू, अंबाडी. मेथी-कोथिंबीर या काळात टाकू नये, सडते.
• ऑक्टोबर ते जानेवारी : मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, नवलकोल, कोबी, वाटाणा, वांगी, टोमॅटो. बेळगावच्या थंडीत या भाज्या उत्तम येतात. नव्या मंडळींनी सुरुवात याच हंगामात करावी.
• फेब्रुवारी ते मे : गवार, चवळी, पोकळा, राजगिरा. दुपारी सावली आणि वाफ्यावर पाचोळ्याचे आच्छादन आवश्यक.

कडेने कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई. बी शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावे आणि दर हंगामाला दोन झाडे बियांसाठी राखावीत.

वही आणि नियम

आमचा पहिला प्रयत्न फसला, तो कीड लागून नव्हे. आम्ही सगळे वाफे सामाईक ठेवले होते. उत्साहात पहिला महिना गेला. मग पाणी कोण घालणार यावरून कुरबुर, भांगलणीला ठरावीक चारच माणसे, आणि टोमॅटो लाल झाले की ते सकाळी फिरायला जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत. कुणी नेले हे विचारण्याची हिंमत कुणाला झाली नाही, कारण सगळेच ओळखीचे. पावसाळ्यात वाफे वाहून गेले आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणी विचारले नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही बँकेची सवय कामाला लावली. खालील नियम उपयोगी पडले :

१. निम्मे वाफे कुटुंबांना, निम्मे सामाईक.
२. पाण्याची पाळी भिंतीवर लिहिलेली. पाळी चुकली तर दंड नाही, पण बदली माणूस आपणच शोधायचा.
३. तोडणी ठरलेल्या वारी, दोन जणांच्या समोर.
४. एक वही. तारीख, काय लावले, काय निघाले, किती खर्च, किती जमा. महिन्याला वाचून दाखवायची.
५. सामाईक मालातला पहिला वाटा बागेत हजर राहू न शकणाऱ्या वृद्ध सभासदांना.
६. जास्तीचा माल विकायचा नाही. वाटायचा.

सहाव्या नियमावर आमच्यात वाद झाला. काहींचे म्हणणे, थोडे पैसे येतील तर काय बिघडले? पण ज्या बाईचे घर मेथीच्या पेंडीवर चालते, तिच्याशी आपण पेन्शनवाल्यांनी स्पर्धा करणे आम्हाला पटले नाही. नियम कायम राहिला.

बागेपासून कारभारापर्यंत

बाग दोन हंगाम चालली की मंडळाने पुढची पावले उचलावीत असे आम्ही सुचवतो.

पहिले, आपल्या प्रभागातल्या मोकळ्या जागांची यादी करावी. उद्यानासाठी राखीव कोणत्या, सार्वजनिक सुविधांसाठी राखीव कोणत्या, त्यांवर आज काय आहे. नकाशे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे.

दुसरे, बृहत् आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत असते. सूचना कन्नडमध्ये निघतात आणि आपल्यातले बरेच ज्येष्ठ त्या वाचू शकत नाहीत. मुदत संपल्यावर कळते. आपल्या मुला-सुनांना कन्नड चांगले येते. दोन-तीन जणांनी सूचना वाचून मराठीत सारांश फळ्यावर लावण्याची जबाबदारी घ्यावी. शहरालगतचा भातपट्टा आराखड्यात शेती म्हणूनच राहावा ही हरकत शेतकऱ्याने एकट्याने देणे आणि त्याच्यासोबत ग्राहक म्हणून शहरातल्या दोनशे घरांनी देणे, यात फरक पडतो.

तिसरे, महापालिका कायद्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे. तिच्या बैठकीत ओला कचरा, भाजी विक्रेत्या बायकांना सावली आणि पाणी, आणि शाळांच्या बागा हे विषय मांडावेत. एका वेळी एकच विषय, लेखी.

चौथे, विक्रेत्यांसाठी २०२० पासून ‘पीएम स्वनिधी’ कर्ज योजना आहे. भाजी विकणाऱ्या अनेक जणी फॉर्म भरायला बिचकतात. आमच्यासारखे निवृत्त बँकवाले शनिवारी दोन तास बसले तर हे काम सहज होईल.

पाचवे, एका कुटुंबाने एका शेतकरी कुटुंबाशी वर्षभराच्या भाताचा व्यवहार ठरवावा. आगाऊ थोडी रक्कम, सुगीनंतर तांदूळ. शहरालगतचे भाताचे रान टिकायचे असेल तर त्याला गिऱ्हाईक हवे. प्लॉटचा भाव देणारे गिऱ्हाईक रोज त्याच्या दारात येते. तांदळाचा रास्त भाव देणारेही कुणी जायला हवे.

मंडळाच्या कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. ज्यांच्या वसाहतीत, शाळेत किंवा प्लॉटवर जागा आहे त्यांनी तिचे माप, पाण्याची सोय आणि आपले नाव त्यात लिहावे. हिवाळी हंगामाची पेरणी दसऱ्याच्या आसपास करायची असेल तर वाफे भाद्रपदातच तयार हवेत. खोरी-फावडी आमच्याकडे आहेत, गरज आहे ती यायला तयार असलेल्या माणसांची.